दुखवट्याची सभा

कुकरची दुसरी शिट्टी होत होती तेव्हा फ्रिजवर ठेवलेला बाबांचा फोन थरथरला. त्या फोनची मला सवय झाली होती. बाबा गेल्यापासून तो माझ्याकडे अमरावतीला होता आणि मी तो रोज चार्ज करत होते. बंद करायचा तर नेमका कोणत्या दिवशी, हे ठरवता येत नव्हतं. औषधाच्या दुकानाचा निरोप येई, बँकेचा येई, तेरवीला पंगतीत जेवून गेलेल्या माणसांकडून गुलाबाच्या चित्रासकट सुप्रभात येई. पण हा निरोप नगरपरिषदेचा होता. सन्माननीय सदस्य श्री. सूर्यभान गावंडे यांना कळवण्यात येत होतं की अंदाजपत्रकाची विशेष सभा शनिवारी आहे, तरी आपण उपस्थित राहावे. खाली विषय होते. विषय एक, दिवंगत सदस्य श्री. सूर्यभान गावंडे यांना श्रद्धांजली. विषय दोन, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर करणे.

कुणी थट्टा केलेली नव्हती. सदस्यांचा एक ग्रुप होता, त्यातून एक नंबर काढायचा राहिला होता, एवढंच. मी गॅस बंद केला. डाळ कच्ची राहिली असणार हे कळत होतं, तरी बंद केला. आणि मग पहिला विचार आला तो असा की बाबा या सभेला गेले असते. बोलावणं आलंय म्हटल्यावर ते गेलेच असते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पेन खिशाला लावून, सभागृहात ठरलेल्या खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःचा दुखवटा शेवटपर्यंत ऐकून घेतला असता. कुणी फार चांगलं बोलायला लागलं की ते चष्मा काढून काच पुसत. तशी काच पुसत बसले असते. हे चित्र फार सहज उभं राहिलं. कॉलेजात पहिला तास होता. मी डबा न घेता निघाले आणि राजापेठेच्या सिग्नलला उभी असताना लक्षात आलं की बाबांचा फोन मी पर्समध्ये टाकून आणलाय.

बाबा अकोल्याच्या कोर्टात सरकारी वकील होते. खाजगी वकिली त्यांनी कधी केली नाही. निवृत्त झाल्यावर ते अकोल्यापुढे तासाभरावर असलेल्या आमच्या गावी राहायला गेले, जिथे आमची काळी जमीन देवीदासकाका वाहतो, आणि मग गावात बरीच वर्षं प्रशासक राहून निवडणूक लागली तेव्हा ते उभे राहिले. मला फोनवर नुसतं कळवलं. या वयात कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, एक काम राहिलंय. ते निवडून आले. मालीपुऱ्यातून आले, म्हणजे नाल्याकाठच्या त्या दोन आळ्यांतून, जिथली माणसं नाल्यापलीकडे भाजीचे वाफे करतात आणि पहाटे हातगाड्या भरून बाजारात नेतात. त्या आळ्यांनी बाबांना मत का दिलं, याचा विचार मी त्या काळात केला नव्हता. वकीलसाहेब म्हणून दिलं असेल असं धरून चालले. माणसं निवडून देतात तेव्हा कशाला निवडतात, विश्वासाला की हिशेब चुकता करायला लावायला, हे बाहेरून कळत नाही. कदाचित आतूनही नाही.

दुपारी किसनरावांचा फोन आला, माझ्या फोनवर. किसनराव नगराध्यक्ष; मागच्या एका खेपेलाही तेच होते. आवाज मऊ, थोडा दमलेला, जसा अशा वेळी असावा तसा. सभेला घरातलं कुणीतरी असावं अशी सगळ्यांची इच्छा आहे, मी गाडी पाठवतो, असं म्हणाले. मग ठराव वाचून दाखवला. निःपक्षपाती सरकारी वकील म्हणून त्यांनी केलेली प्रदीर्घ सेवा हा आमच्या गावाचा ठेवा आहे, असं त्यात होतं. मी ऐकत होते आणि मला लाज वाटते सांगायला, पण ते वाक्य मला हवं होतं. बाबांच्या बाबतीत कुणी तरी कुठे तरी हा शब्द लिहून ठेवावा असं मला कित्येक वर्षं वाटत आलं होतं, आणि तो शब्द नेमका या माणसाच्या तोंडून यावा याची शिसारीही त्याच क्षणी आली; दोन्ही एकाच घशातून खाली गेलं. शेवटी ते म्हणाले, "ताई, गेलेल्या माणसाचं नाव तेवढं राह्यते. ते राखणं आता तुमच्या आमच्या हाती हाय." मी हो म्हटलं. गाडी नको, बसनं येते, म्हटलं.

संध्याकाळी वर्षालीचा फोन आला. वर्षाली बाबांच्या बाजूची नगरसेविका, तिशीतली, बोलताना श्वास घ्यायला विसरणारी. तिनं न विचारता सगळं समजावून दिलं. बाबांनी अंदाजपत्रकाला एक उपसूचना दिली होती. मालीपुऱ्याच्या बाजूनं नाल्याला नवीन संरक्षक भिंत बांधावी आणि त्यासाठी गावाच्या वेशीवरच्या कमानीची तरतूद कापावी. बाबा होते तोवर एका मतानं ती पास होत होती. आता मतं सारखी झाली होती, तरी समोरच्या बाजूची एक बाई तिकडून इकडे येईल अशी वर्षालीला आशा होती, कारण त्या बाईचं माहेर नाल्याकाठी होतं. पण मतदानाला विषय आला तर ना. शनिवारी फेब्रुवारी संपतो. त्या दिवशी सभेनं काही ठरवलं नाही तर समितीनं मांडलेलं अंदाजपत्रक आहे तसंच मंजूर धरलं जातं. म्हणून दुखवटा पहिला ठेवलाय. दोन मिनिटं उभं राहायचं, आणि दिवंगत सदस्याच्या सन्मानार्थ सभा तहकूब. आमच्याकडे तशी रीत आहेच. फक्त एक आहे, वर्षाली म्हणाली. अध्यक्ष तहकूब करण्याआधी घरच्यांना विचारतात. नुसतं विचारायचं म्हणून विचारतात. म्हातारे वामनराव गेले तेव्हा त्यांच्या मुलानं सभा चालू ठेवा म्हटलं होतं, आणि ठेवावी लागली होती.

मग ती थांबली. तिचं थांबणं मला नवीन होतं. म्हणाली, ताई, चालू ठेवा म्हटलं तर ते कोर्टातलं काढतील. तुम्हाला माहीत आहे ना कोणतं? मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, साहेब स्वतःच सभेत सांगणार होते, मला म्हणाले होते. फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. समोरच्या इमारतीत कुणी तरी गाद्या झटकत होतं. बाबा सांगणार होते. बाबा खरंच सांगणार होते का?

ते कोर्टातलं असं होतं. पाऊस सरत आला असताना एका सप्टेंबरात नाल्याला रात्रीतून पूर आला आणि मालीपुऱ्यातली काठावरची माती मागच्या घरांसकट खचली. तिथल्या माणिकबाईची मुलगी सत्यवती मागच्या दाराशी शेळ्या सोडवायला गेली होती. ती तीन शेतं खाली बाभळीत सापडली. त्या जागी नगरपरिषदेनं आदल्याच वर्षी भिंत बांधली होती; म्हणजे बांधल्याचं बिल निघालं होतं. तेव्हाचे नगराध्यक्ष किसनराव आणि त्यांचा ठेकेदार, दोघांवर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा खटला झाला. खटला बाबांकडे आला. आणि काही महिन्यांनी वरून सांगणं आलं की हा खटला सरकारला मागे घ्यायचा आहे. कायद्यात तशी सोय आहे. सरकारी वकिलानं उभं राहून कोर्टाची परवानगी मागायची असते, आणि कायदा म्हणतो की ते त्यानं स्वतःच्या बुद्धीनं ठरवावं, कुणाच्या सांगण्यावरून नाही. बाबा उभे राहिले. ते म्हणाले, भिंत होती. अभूतपूर्व पुरात ती वाहून गेली. यात कुणाचाही दोष दिसत नाही. कोर्टानं परवानगी दिली. त्या दिवशी मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होती, आणि रात्री बाबांनी नेहमीसारखं ताट वाढून घेतलं. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की बाबांनी एक खटला मागे घेतला आणि अकोल्यात लोक काहीबाही बोलतात. मी लोकांचा राग केला. कितीतरी वर्षं केला.

निवडून आल्यावर, गेल्या दिवाळीत ते माझ्याकडे आले होते. मोर्शीहून कुणी तरी संत्री पाठवली होती, आंबिया बहाराची, अजून थोडी आंबट. आम्ही स्वयंपाकघरातच बसून सोलत होतो. बाबा संत्र्याच्या फोडीवरच्या पांढऱ्या शिरा फार निगुतीनं काढत, एकही ठेवत नसत, आणि शिरा काढता काढता ते दुसऱ्याच कुणाचं सांगावं तशा आवाजात म्हणाले की मी जाऊन पाहिली होती ती जागा. खटला आल्यावर, संध्याकाळी, एकटाच गेलो होतो. भिंत नव्हती. पाया सुद्धा खणलेला नव्हता. उरल्या काठावर तरोटा माजला होता कमरेएवढा, तो पुरातही उपटला नव्हता. मी विचारलं, मग? "मग काय," बाबा म्हणाले, "उभा राह्यलो आणि होती म्हणालो." त्यांनी सोललेली फोड माझ्या पुढच्या बशीत ठेवली. बदलीचं सांगितलं. गडचिरोलीला पाठवतील असं कळलं होतं, तुझ्या आईला घेऊन कुठे गेलो असतो. आई त्यानंतर दोन वर्षं होती. मी ती फोड खाल्ली. काहीतरी बोलायला हवं होतं आणि बोलण्यासारखं मला त्या वेळी एकच सापडलं, की अजून आंबट आहेत. बाबा हो म्हणाले. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहाटे ते अंगणात चप्पल घालता घालता गेले.

शनिवारी मूर्तिजापूर सोडलं तेव्हा ऊन कडक व्हायला लागलं होतं. बसच्या खिडकीला गरम वाऱ्याचा वास होता, मळलेल्या हरभऱ्याच्या कुटाराचा. मला एकसारखं वाटत होतं की मी काहीतरी घरी विसरले, गॅस, कुलूप. आणि प्रत्येक वेळी पर्समध्ये हात घालून मी बाबांचा फोन चाचपत होते. अकोल्याला काका मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभा होता. देवीदासकाका बाबांहून आठ वर्षांनी लहान, भावाच्या वकिलीचा अभिमान त्यानं जन्मभर अंगावर घातलेला. बाबांचं नाव निघालं की तो अजून आमचे साहेब म्हणतो. वाटेत कोर्टाच्या रस्त्यानं जाताना त्यानं गाडी सावकाश केली. नेहमी करायचा तशी. झेरॉक्सच्या टपऱ्या, काळे कोट, उसाचा रस, झाडाखाली तारखेला आलेली माणसं उकिडवी बसलेली. लहानपणी मला वाटायचं की आत कुठे तरी खरं काय ते ठरवण्याची एक मोठी खोली आहे आणि बाबांकडे तिची किल्ली आहे. काका मान मागे न वळवता म्हणाला की किसनभाऊ ठरावात मोठं चांगलं लिहून राहिले म्हणे साहेबाबद्दल. मी म्हटलं, मला वाचून दाखवलं. काका खूश झाला. त्याचे खांदे माझ्यासमोर होते, शर्टाच्या शिवणीवर घामाची रेघ उमटलेली, आणि मला वाटलं, याला सांगून टाकावं, आत्ताच, वाऱ्यात, म्हणजे अर्धं ऐकू जाईल. सांगितलं नाही.

गावात शिरताना मी नाल्याकडून घे म्हटलं. काहून, असं त्यानं विचारलं, पण गाडी वळवली. नाला उन्हाळ्यात असतो तसा होता, मधोमध एक हिरवी रेघ, प्लास्टिक, डुकरं. मालीपुऱ्याच्या बाजूनं काठ कापल्यासारखा उभा होता आणि मागची दारं त्या कडेपासून चार पावलांवर होती. एका दाराशी एक बाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. कडेला साड्या वाळत घातलेल्या होत्या, आणि मी भिंत शोधत होते. म्हणजे मला माहीत होतं की ती नाही, कधीच नव्हती. तरी डोळे शोधत होते, एखादा दगड, सिमेंटचा एखादा ढेकूळ, ज्याच्याकडे बोट दाखवून बाबांच्या बाजूनं काही म्हणता येईल.

सभागृह नवीन होतं. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. हललं की करकरायचं. एसी होता पण दारं उघडी होती. व्यासपीठाच्या कोपऱ्यात टेबलावर बाबांचा फोटो ठेवला होता, निवडणुकीच्या पत्रकातला, हात जोडलेला. खालचं चिन्ह कापलं होतं. मला आणि काकाला पुढच्या रांगेत, सदस्यांच्या बाजूला बसवलं. मागे, नागरिकांसाठी ठेवलेल्या बाकांवर मालीपुऱ्यातली आठ-दहा माणसं होती. माणिकबाईला मी ओळखलं. प्रचारात बाबांबरोबर एक दिवस फिरले होते तेव्हा तिच्या दारात ती म्हणाली होती, मत देतो, पण भिंत पाह्यजे. बाबांनी मान हलवली होती. त्या वेळी मला ते मतदाराचं साधं मागणं वाटलं होतं.

किसनराव उभे राहिले, ठराव वाचला. फोनवर वाचला होता त्याहून थोडा लांब झाला होता. निःपक्षपाती हा शब्द आला तेव्हा काकानं रुमाल काढला. मग सगळे उठले. खुर्च्यांचं प्लास्टिक एकदम करकरलं आणि थांबलं. दोन मिनिटं किती असतात हे कुणी तरी बघत असतं, बाकीच्यांनी खाली बघायचं असतं. मी खाली बघितलं. समोरच्या सदस्याच्या सॅंडलचा बंद तुटून सेफ्टी पिनेनं जोडला होता. मला बाबांची आठवण काढायची होती आणि आठवत होतं ते भलतंच, त्यांच्या दाढीच्या ब्रशला येणारा ओला वास, ते जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचे ते. मग आठवली ती कोर्टाची खोली, जी मी पाहिलेली नव्हती. बाबा उभे आहेत. तोंड उघडलंय. होती. एक शब्द, त्यानं एक भिंत उभी राहिली आणि एक मुलगी नुसत्या पाण्यानं मेली. आता इथे सगळे त्यांच्यासाठी गप्प उभे होते, ती भिंत पाठीमागे धरून. गप्प राहायला मलाही काही करावं लागणार नव्हतं. आणखी थोडं खाली बघत राहिलं की झालं असतं. बाबा गेले निःपक्षपाती, काका गावात मान वर करून फिरला, मी अमरावतीला परत. पुढच्या सप्टेंबरात काय व्हायचं ते होईल किंवा होणार नाही. दरवर्षी थोडंच होतं. हा विचार इतका वाजवी होता की त्याची मला भीती वाटली. तो बाबांचाच विचार होता, त्यांनीही असाच वाजवीपणानं केला असणार.

सगळे बसले. किसनराव म्हणाले की अशा दुःखाच्या प्रसंगी कामकाज करण्याचं कुणाच्याच मनात नाही. तरी कुटुंबीय इथे आहेत, त्यांची भावना विचारून सभा तहकूब करू. ते माझ्याकडे बघून मान किंचित खाली घालून उभे राहिले, नकार येणारच नाही असं धरून. मी उठले. "सभा चालू ठेवा," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. काकानं माझं मनगट धरलं. बाप मरून महिना नाही झाला, असं तो हळू आवाजात म्हणाला. वर्षाली लगेच उठली होती आणि वामनरावांच्या वेळचा दाखला देत होती. किसनरावांनी ते ऐकून घेतलं. मग हसले नाहीत, चिडले नाहीत. ताईंची इच्छा शिरसावंद्य, म्हणाले, आणि पाण्याचा घोट घेतला.

उपसूचना वाचली गेली. त्यावर किसनरावांच्या बाजूचा चंदन नावाचा सदस्य उठला, गोरा, हौशी, मनगटात जाड कडं. तो म्हणाला की उपसूचनेत नवीन भिंत असं लिहिलंय. तिथे भिंत होती. पुरात गेली. मग दुरुस्ती म्हणा; आणि पुरात गेलेल्याची दुरुस्ती आपलं काम नाही, ते दुसऱ्या खात्याचं. हे मी माझ्या पदरचं नाही बोलत, तो म्हणाला आणि फोटोकडे हात केला, "साह्यबानंच कोर्टात सांगतलं हाय. भिंत होती म्हणून. आता साह्यबाले खोटं पाडाचं काय, त्याहिच्याच दुखवट्याले?" दोन-तीन जण हसले, मग प्रसंग आठवून थांबले. वर्षाली म्हणाली की साहेब मला स्वतः म्हणाले होते, भिंत नव्हती. किसनराव शांतपणे म्हणाले की गेलेल्या माणसाच्या नावावर कुणी काहीही सांगू शकते, बाई. असं कसं चालेल. घरचे बसले आहेत, त्यांच्यासमोर तरी नको.

आणि पुन्हा ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत धमकी नव्हती. एक प्रकारची काळजी होती, खरी सुद्धा असेल. ते मला बसून राहण्याची सोय करून देत होते. बाबांनाही कुणी अशीच करून दिली असेल. मला कळत होतं की मी काय बोलणार त्याला पुरावा नाही, की बाबा असते तर ते बोलले असते का हे मला कधीच कळणार नाही, की कदाचित संत्र्यांच्या त्या संध्याकाळी ते मला सांगून मोकळे झाले होते आणि पुढे कुठे सांगायचं राहिलंच नव्हतं. मी त्यांच्या वतीनं बोलत नव्हते. त्यांच्या वतीनं बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले. "माझे वडील कोर्टात खोटं बोलले होते," मी म्हटलं. "भिंत नव्हती. ते जागा पाहून आले होते. मला त्यांनी सांगितलंय." काकानं माझं मनगट सोडलं. एवढंच जाणवलं, तिथली जागा गार पडली.

मग बराच गोंधळ झाला. सदस्य नसलेल्यांनी बोलायचं नसतं, मृताची बदनामी, इतिवृत्तात घेऊ नका, घ्या, असं चाललं होतं. समोरच्या बाजूची ती नाल्याकाठचं माहेर असलेली बाई पदर सारखा करत एकटक टेबलाकडे बघत होती. मतदान झालं असतं तर तिनं काय केलं असतं, कुणी सांगावं. किसनरावांनी मतदान होऊच दिलं नाही. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले की साहेबांच्या आठवणीखातर आपण वाद नको करू. मालीपुरा संरक्षक भिंत या नावानं खर्चाचं लेखाशीर्ष आपण उघडू. नाममात्र तरतूद ठेवू, हजार रुपये. पुढे निधी येईल तसा वाढवू. एकमतानं. टाळ्या वाजल्या. वर्षाली उठली, काही म्हणाली, ते टाळ्यांत गेलं. अंदाजपत्रक मंजूर झालं, कमानीसकट. चहा आला.

बाहेर व्हरांड्यात काका मला टाळून जिना उतरून गेला. त्याचा चेहरा मी पाहिला. लहान मुलाचा असतो तसा, कुणी तरी भर रस्त्यात मारलेल्या. मी त्याच्यामागे जावं म्हणून वळले तर समोर माणिकबाई. ठेंगणी, वाळलेली, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. बाकीची माणसं खाली उतरत होती, कुणी म्हणत होतं की भेटलं तं काही, नाव तं लागलं. ती माझ्या वाटेत उभी राहिली.

"तिकडं तू काय बोलली, मले ऐकू नाई आलं," ती म्हणाली. "तुह्यासमोर माइक नव्हता. मांगं पंखा घरघर करते. आता सांग."

मी तिला लेखाशीर्षाचं सांगायला लागले. या वर्षी काम होणार नाही, पण पुढच्या वर्षी मागता येईल, वर्षाली मागेल. तिनं हातानं थांबवलं.

"ते नाई वो. तुह्या बापाचं."

मी म्हटलं की बाबा कोर्टात खोटं बोलले. तिथे भिंत नव्हती. आत बोलले होते तेच शब्द होते आणि ते आतापर्यंत गुळगुळीत झाले होते, एकामागून एक आपोआप आले.

"खाली काहून पाह्यतं?" माणिकबाई म्हणाली. "मी तवा कोर्टात होती. तुहा बापबी असाच खाली पाहून बोलला. इकडं पाहून सांग."

मी वर पाहिलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, दुसरा स्वच्छ होता. राग नव्हता त्यात. माझ्याबद्दल काहीच नव्हतं. ती फक्त ऐकायला उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी धरून. खाली काकानं मोटारसायकल चालू केली आणि माझ्यासाठी न थांबता तो निघाला, आवाज वळणावर गेला, संपला. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सत्यवती मागच्या दारी गेली तेव्हा, मी म्हटलं, तिथे भिंत नव्हती. माझ्या वडिलांना ते माहीत होतं.